तांबड्या शाईतले एकतीस शेरे

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर पार्सलच्या खिडकीतून मी ते पुडकं घेतलं आणि तिथेच बाकावर बसून सोडलं. घरी नेईपर्यंत धीर नव्हता. आत पंधरवड्यापूर्वी मीच मुंबईला पाठवलेला लिस्टिंगचा, म्हणजे माझ्या प्रोग्रॅमच्या छापील ओळींचा गठ्ठा होता, कडेला भोकं असलेला, एकात एक घड्या पडलेला रुंद कागद. जाताना तो काळापांढरा गेला होता, परत आला तो तांबडा होऊन. पहिल्याच पानावर सात शेरे. पुढे काही ठिकाणी माझ्या ओळी कमी आणि तांबडी शाई जास्त. सगळ्या शेऱ्यांना नंबर घातलेले होते. शेवटचा नंबर एकतीस, आणि त्याखाली एक ओळ: "प्रत्येक शेऱ्याला लेखी उत्तर द्यावे. त्यानंतर विचार होईल."

शेजारी मालगुंडच्या गाडीची वाट बघत बसलेल्या बाईंनी माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "काय गो बाय, वाईट बातमी काय?"

"नापास झाले," मी म्हटलं.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. मी तेवीस वर्षांची, फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली, मुंबईला मामाकडे राहून कॉम्प्युटरचा एक वर्षाचा डिप्लोमा करून परत आलेली. मुंबईच्या एका कॉम्प्युटर कंपनीने मिरकरवाडा बंदराजवळच्या एका कोळंबीच्या कारखान्याला मशीन विकलं होतं आणि त्या मशीनबरोबर कंपनीचं माणूस म्हणून मला तिथे बसवलं होतं. कंपनीचा रत्नागिरीतला सगळा स्टाफ म्हणजे मी एकटी. काम काय, तर कारखान्यातल्या लोकांना टर्मिनलवर कुठली कळ दाबायची ते शिकवायचं. डिप्लोम्याच्या वर्गात पहिली आलेल्या मुलीला हे काम किती दिवस गोड लागणार?

मग कारखान्याने इलेक्ट्रॉनिक काटा घेतला. त्यांना हवं होतं ते एवढंच: बंदरावरून आलेला कोळंबीचा क्रेट काट्यावर ठेवायचा, शेजारच्या टर्मिनलवर एक कळ दाबायची आणि वजन आपोआप मशीनमध्ये जायला हवं. पण मशीनच्या ऑपरेटिंग सिस्टीमला तो काटा ओळखीचा नव्हता. दोघांच्या मध्ये एक दुभाषी लागतो, काट्याचं बोलणं मशीनला कळेल असं करून सांगणारा छोटासा प्रोग्रॅम. त्याला ड्रायव्हर म्हणतात. असले ड्रायव्हर लिहायचं काम हेड ऑफिसातल्या सिस्टीम विभागाचं. पण भर पावसाळ्यात रत्नागिरीला यायचं म्हटल्यावर त्या विभागात एकाच्या बहिणीचं लग्न निघालं आणि दुसऱ्याची कंबर धरली. मी फोनवर म्हटलं, मी लिहिते. पलीकडे कोणीतरी हसलं. ते हसू मी अजून विसरलेले नाही.

"लिहा," असा निरोप आला, "पण आमच्या साहेबांनी तपासून पास केल्याशिवाय ते कंपनीच्या टेपवर, म्हणजे गिऱ्हाइकांकडे, जाणार नाही. दिवाळीपर्यंत पास झालं तर ठीक. नाही तर आमचा माणूस येऊन स्वतःचं बसवेल, तुम्ही ट्रेनिंगचं बघा." म्हणजे पुन्हा कळा दाबायला शिकवणं. मला तो ड्रायव्हर पास व्हायला हवा होता. इतका हवा होता की त्या दिवसांत दुसरं काही बोलायला लागले की घरचे म्हणायचे, बरं आहे ना?

पावसाळ्यात होड्या वर काढलेल्या असतात, कारखाना रिकामा. मी एकटी काट्यावर लोखंडी वजनं ठेवत आणि काढत बसायचे. पाच किलो, दहा किलो, वीस किलो. ग्रॅमचाही फरक नाही. नारळी पौर्णिमा झाली, होड्या समुद्रात गेल्या, कारखाना गजबजला, आणि पहिल्याच दिवशी प्रत्येक क्रेट पाव-अर्धा किलो जास्त भरायला लागला.

कारण समजायला मला पूर्ण एक दिवस लागला, आणि समजलं तेव्हा स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. काटा होता वजनाच्या खोलीत. तिथली लादी सदा ओली, बर्फाचं पाणी वाहून जायला मोरीकडे उतार दिलेला. काट्याचा स्टीलचा पत्राही ओला. क्रेट त्यावर ठेवला की घसरतो. म्हणून वजन करणारी बाई डावा हात क्रेटवर ठेवते आणि उजव्या हाताने कळ दाबते. कोळंबीबरोबर त्या डाव्या हाताचंही वजन होत होतं. लोखंडी वजनांना धरून ठेवायला हात लागत नाही, हे दोन महिने माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मग मी ड्रायव्हरमध्ये दुसरं वाचन घातलं. काट्याने एक आकडा दिला की अर्धा सेकंद थांबायचं आणि पुन्हा विचारायचं. कळ दाबून झाली की बायका क्रेट उचलायच्या आधी हात क्षणभर काढायच्याच. मग आकडा बदलायचा. लागोपाठ दोनदा तोच आकडा आला तरच तो खरा धरायचा. वजनं बरोबर यायला लागली.

पण दुसरंच दुखणं सुरू झालं. अधूनमधून टर्मिनल गोठायचं. कळ दाबली की वजन येईना, पुढची कळ चालेना, मशीन बंद करून पुन्हा सुरू करावं लागायचं. दोन आठवड्यांत तीनदा झालं आणि तिन्ही वेळा काट्यावर एकच बाई होती.

तिला सगळे मावशी म्हणायचे, मीही. पन्नाशीची, बंदरावर आधी तराजूने आणि मग कारखान्यात साध्या काट्याने वजन करण्यात तिची तीस वर्षं गेलेली. तिसऱ्यांदा गोठलं तेव्हा मी वजनाच्या खोलीत सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडले. "मावशी, तुम्ही कळ दोनदा दाबता! कितीदा सांगितलं, एकदाच दाबायची!"

"एकदाच दाबलंय बाय," ती म्हणाली.

मी ऐकलं नाही. सुपरवायझरने ऐकलं, पण माझं. दुसऱ्या दिवसापासून मावशी कोळंबी सोलायच्या टेबलावर. तीस वर्षं वजन केलेली बाई, तिच्या हातात आता सोलायची कोळंबी. मी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. मावशी गेल्यापासून टर्मिनल एकदाही गोठलं नाही, तेव्हा माझंच खरं, असं मानून मी लिस्टिंग छापलं आणि मुंबईला पाठवून दिलं.

आणि आता ते परत आलं होतं. तपासणाऱ्या साहेबांना मी कधी पाहिलं नव्हतं. मनातल्या मनात मी त्यांचं नाव तांबडे साहेब ठेवलं.

त्याच दुपारी कारखान्यात बसून मी उत्तरं लिहायला घेतली. राग नाकाच्या शेंड्यावर होता, त्यामुळे लेखणी चांगली चालली. शेरा चार: "कुठे टॅब, कुठे स्पेस. एक काहीतरी ठरवा." मी लिहिलं, "काट्याला दोन्ही चालतात." शेरा सहा: "ह्या व्हेरिएबलच्या नावावरून काहीही बोध होत नाही." मी लिहिलं, "मला होतो." शेरा आठ होता माझ्या "हे महत्त्वाचे आहे" या कॉमेंटवर, म्हणजे प्रोग्रॅम वाचणाऱ्यासाठी मध्ये घातलेल्या टिपेवर. साहेबांनी लिहिलं होतं, "का?" मी त्याखाली लिहिलं, "कारण ते महत्त्वाचे आहे." मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

नऊवर अडले. तिथे साहेबांनी एका ओळीला गोल करून पाच शब्द लिहिले होते: "इथे उत्तर आधी आले तर?"

नुसतं "येत नाही" लिहून चाललं असतं. पण मला त्यांचा पाणउतारा करायचा होता, आणि त्यासाठी ते चुकीचे आहेत हे दाखवायला हवं होतं. म्हणून मी कोरा कागद घेतला, माझ्या ड्रायव्हरच्या पायऱ्या एकाखाली एक मांडल्या आणि काट्याचं उत्तर कुठल्या पायरीवर येऊ शकतं ते बघत गेले. एकदा मांडलं. पुन्हा मांडलं. तिसऱ्यांदा मांडलं आणि एका पायरीखाली मीच रेघ मारली.

त्या काळात मुंबईला फोन करायचा तर ट्रंक कॉल बुक करून फोनजवळ बसावं लागायचं. माझा ड्रायव्हर काय करत होता, तर आधी कॉल बुक करत होता आणि मग फोनजवळ बसायला जिना उतरत होता. कॉल लागायला एरवी वेळ लागतो, म्हणून निभावून जात होतं. पण एखाद्या वेळी कॉल ताबडतोब लागला तर? घंटा वाजायची तेव्हा हा जिन्यात. खाली पोचेपर्यंत घंटा बंद. मग हा फोनजवळ बसून राहणार, कायमचा. टर्मिनल गोठणार.

काटा उत्तर ताबडतोब कधी देतो? कळ दाबली त्याच क्षणी आकडा स्थिर झाला तर; लोखंडी वजन ठेवून मी कळीकडे वळेपर्यंत तो क्षण केव्हाच गेलेला असायचा आणि काटा नेहमीसारखा सावकाश उत्तर द्यायचा. क्रेटवरचा हात जरा थरथरत असला की आकडा हलत राहतो, काटा वेळ घेतो. बाकीच्या बायका नवीन होत्या, त्यांचे हात बर्फाने काकडलेले, आकडा सारखा नाचायचा. एकच हात असा होता की क्रेटवर पडला की तसूभर हलायचा नाही. तीस वर्षं तराजू धरलेला हात. माझी चूक फक्त त्याच हाताखाली सापडत होती, आणि तो हात मी काट्यावरून काढून टाकायला लावला होता.

मी लिहिलेली आठ उत्तरं फाडून टाकली. शरमेने कान गरम झाले होते, तरी आतून आनंदही झाला होता, हे खोटं का बोलू? महिनाभर न सापडलेली चूक सापडली होती. शोधून दिली मात्र तांबड्या शाईने.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोलायच्या खोलीत गेले. लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना तीसेक बायका, मावशी मोरीच्या टोकाला. मी हळूच म्हटलं, "मावशी, जरा बाहेर येता? बोलायचं होतं."

ती मान वर न करता म्हणाली, "वराडलंस सगल्यांच्या समोर. आता बाहेर कशाला? हितंच सांग."

सगळे हात थांबले. मी म्हटलं, "मावशी, कळ तुम्ही एकदाच दाबत होता. चूक माझ्या प्रोग्रॅमची होती. म्हणजे माझी होती."

"आयकलंव काय गो?" मावशीने टेबलाला विचारलं. टेबल हसलं. मग ती हात धुऊन उठली. "चल. आता काय करूचा हाय?"

मला करायचं होतं ते हे, की जुना ड्रायव्हर तिच्याच हाताने गोठवून बघायचा. माझ्या हाताने तो गोठत नव्हता, सुपरवायझरच्या हाताने नाही, लोखंडी वजनांनी तर नाहीच नाही. मावशीने क्रेट ठेवला, डावा हात ठेवला, कळ दाबली. वजन आलं. पुन्हा दाबली. आलं. काही केल्या गोठेना. सुपरवायझर माझ्याकडे बघायला लागला. वीसेक क्रेट झाले असतील, आणि पडदा थिजला. कळ दाबून बघितली, ढिम्म हलेना. मी टाळ्या वाजवल्या. आपलं मशीन बंद पडलं म्हणून टाळ्या वाजवणारी मुलगी त्या कारखान्याने पहिल्यांदाच पाहिली असेल.

दुरुस्ती तीन ओळींची होती. आधी फोनजवळ बसायचं, मग कॉल बुक करायचा, आणि बसेपर्यंत घंटा वाजू द्यायची नाही. नवीन ड्रायव्हर बसवला आणि मावशीने दिवसभर वजन केलं. तो दिवस, दुसरा, तिसरा. आठवडा झाला. एकदाही गोठलं नाही. मावशी काट्यावरून हलली नाही आणि सुपरवायझरने हलवायचं नावही काढलं नाही.

बाकीचे शेरे मी आता शांतपणे वाचले आणि लक्षात आलं की बहुतेक बरोबर होते. टॅब ठरवले. नावं बदलली. "हे महत्त्वाचे आहे" काढून का महत्त्वाचं आहे ते लिहिलं. लिहिताना समजलं की त्यातल्या दोन ठिकाणी मलाच ते नीट माहीत नव्हतं. प्रत्येक शेऱ्यासमोर निळ्या शाईत उत्तर: मान्य, सुधारले. मान्य, सुधारले.

बावीस नंबरला मात्र थांबले. तो शेरा माझ्या दुसऱ्या वाचनावर होता. "काटा स्थिर आकडाच देतो, त्याच्या पुस्तकात लिहिले आहे. पुन्हा वाचणे अनावश्यक, वेळ वाया. काढावे. क्रेटवर हात ठेवू नये अशी ऑपरेटरांना सूचना द्यावी."

आता मी नऊ नंबरच्या तडाख्यातून उठले होते. साहेब तिथे बरोबर निघाले तसे इथेही निघतील, गुमान काढून टाकावं, असं एक मन म्हणत होतं. तीस मान्य आणि एक अमान्य केलं आणि तेवढ्यावरून त्यांनी पास नाही केलं तर? दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती.

मी मावशीला विचारलं, "क्रेटवर हात न ठेवता वजन करता येईल?"

तिने भरलेला क्रेट काट्यावर ठेवला आणि दोन्ही हात वर केले. क्रेट सावकाश सरकत गेला, कडेला आला, आणि जमिनीवर आपटायच्या आत तिने गुडघ्याने अडवला. तरी दहा-बारा कोळंब्या मोरीत गेल्याच.

"सायबाचा काटा सुका असंल," ती म्हणाली.

त्या दिवशी मी ड्रायव्हरला पहिलं वाचन आणि शेवटचं वाचन दोन्ही छापायला लावलं. प्रत्येक क्रेटसमोर दोन आकडे. पान भरून फरक दिसत होता, कुठे पाव किलो, कुठे अर्धा. मावशीच्या क्रेटांनाही होता, फक्त तिचा फरक प्रत्येक वेळी जवळजवळ सारखाच. तिचा हातसुद्धा मापात होता.

बावीस नंबरचं उत्तर दीड पानांचं झालं. ओली लादी, मोरीचा उतार, स्टीलचा पत्रा, घसरलेला क्रेट, सोबत छापील आकडे. शेवटी लिहिलं: "हात काढा असे बाईंना सांगता येणार नाही. हात आहे असे ड्रायव्हरला सांगितले आहे. अमान्य." तो शेवटचा शब्द लिहून झाल्यावर पुन्हा वाचला नाही, हे कबूल करते.

पुडकं बांधताना मावशी डबा घेऊन माझ्या टेबलाशी येऊन बसली. इतके कागद कुठे चालले म्हणून विचारलं. मी सांगितलं, मुंबईला. पास झालं तर हा ड्रायव्हर टेपवर जाईल, आणि असा काटा जिथे जिथे असेल तिथे चालेल.

"मंग त्यात ता लिवलंस काय?"

"काय?"

"माजी चूक नवती, ता."

नव्हतं लिहिलं. नऊ नंबरसमोर लिहिलं होतं, "मान्य, सुधारले." तेवढंच. सोलायच्या खोलीत तीस बायकांसमोर बोलले होते, पण कागदावर तिचा पत्ताच नव्हता. मी सुतळी सोडली. लिस्टिंगच्या माथ्यावर कुठली चूक कशी सुधारली याची यादी असते. तिथे निळ्या शाईत एक ओळ घातली, मशीनवरही घातली, आणि तिला मराठीत वाचून दाखवली: टर्मिनल गोठण्याचा दोष ड्रायव्हरचा होता, वजन करणाऱ्यांचा नाही. तो रत्नागिरीच्या काट्यावरच्या ऑपरेटरमुळे सापडला.

"बरा हाय," ती म्हणाली आणि डबा उघडला.

उत्तर यायला दहा दिवस लागले. ह्या वेळी पुडकं स्टँडवर नाही सोडलं. कारखान्यात आणलं, वजनाच्या खोलीत, काट्याच्या शेजारी उभी राहून सोडलं. मावशी क्रेटवर हात ठेवून बघत होती.

मी भराभर पानं उलटत गेले. तांबडं काही दिसेना. मग बावीस आला. साहेबांनी स्वतःच्या जुन्या शेऱ्यावर तांबडी आडवी रेघ मारली होती, आणि खाली लिहिलं होतं, "राहू द्या. माझे चुकले. कारण कॉमेंटमध्ये लिहा, म्हणजे पुढे माझ्यासारखा कोणी काढणार नाही." शेवटच्या पानावर "पास" आणि सही. त्याखाली, पुढचा ड्रायव्हरही तुम्हीच लिहा, रत्नागिरीत बसून लिहिलात तरी चालेल.

मी ओरडले. दीड महिन्यापूर्वी त्याच खोलीत ओरडले होते तसंच मोठ्याने, पण ह्या वेळी सगळ्या हसल्या आणि सुपरवायझर चहा सांगायला धावला. फोनवरचं ते हसू मला आठवलं आणि पहिल्यांदाच त्याचा राग आला नाही.

"आणि माजा?" मावशीने विचारलं.

मी पहिलं पान काढलं. माथ्यावरच्या त्या ओळीतही तांबडी शाई होती, मघाशी घाईत नजरेतून सुटलेली. साहेबांनी ओळ खोडली नव्हती. एक शब्द तेवढा वर लिहून आत घातला होता. "ऑपरेटरमुळे" च्या आधी: "सीनियर."

मी तिला वाचून दाखवलं आणि अर्थ सांगितला. तिने तो तांबडा शब्द नीट बघून घेतला, तिला वाचता येत नव्हतं तरी. मग मागे क्रेट घेऊन उभ्या असलेल्या नव्या पोरीला हाक मारून म्हणाली, "आयकलंस गो? मुंबईसून आलाय. आता माजा हात बघ आनि शीक."

तिने क्रेट ओढला, डावा हात ठेवला आणि कळ दाबली. वजन आलं.